वेल, ठसा आणि चित्रबिंदू : निसर्गप्रेरित वस्त्रमुद्रणातील आकृतीचे व्याकरण

ओवेन जोन्स या इंग्रज वास्तुशिल्पज्ञाने १८५६ साली लंडन येथे आपला अलंकरणविषयक बृहद्ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यास 'अलंकरणाचे व्याकरण' असे नाव दिले. तेव्हापासून वस्त्रावरील, भिंतीवरील अथवा भांड्यावरील आकृतीच्या संदर्भात 'व्याकरण' हा शब्द योजण्याचा प्रघात पडला, तो आजतागायत चालू आहे. शंभर रंगीत पत्रकांच्या या ग्रंथाच्या आरंभी जोन्सने ३७ सूत्रे दिली आहेत. त्यांपैकी तेराव्या सूत्राचा आशय असा की, फुले अथवा इतर निसर्गवस्तू जशाच्या तशा अलंकरणात आणू नयेत. त्यांच्या आधारे सिद्ध केलेली संकेतरूपे योजावीत, आणि ती मूळ वस्तूची आठवण मनात जागी करण्याइतकी सूचक असावीत. मात्र जी वस्तू अलंकृत करावयाची तिची एकात्मता त्यांच्यामुळे भंगू नये. ग्रंथाचे शेवटचे प्रकरण प्रत्यक्ष पानाफुलांस वाहिलेले आहे, व त्यातील एक पत्रक वनस्पतिशास्त्राचा व्यासंग असलेल्या क्रिस्टोफर ड्रेसरने काढलेले आहे. सूत्रात निसर्गाची नक्कल वर्ज्य ठरविणारा ग्रंथकार अखेरीस विद्यार्थ्यास निसर्गाकडेच पाठवितो, ही वरवर विसंगती वाटते. वस्तुतः जोन्सला निसर्गातून वस्तू उचलावयाची नव्हती, वस्तूच्या वाढीचा नियम उचलावयाचा होता. आणि नियम हा मूळ वस्तूपाशी गेल्यावाचून हाती लागत नाही.

तथापि जोन्सच्या शीर्षकातील 'व्याकरण' हा शब्द शालेय अर्थाचा आहे. काय करावे आणि काय करू नये यांची नियमावली, एवढाच त्याचा आशय. संस्कृत परंपरेत या शब्दाच्या मुळाशी पृथक् करणे, उकलून दाखविणे हा भाव आहे. त्या अर्थाने आकृतीचे व्याकरण मांडावयाचे तर आकृती सुंदर केव्हा होते हा प्रश्न काही काळ बाजूस ठेवून, ती कोणत्या घटकांची बनते, त्या घटकांना परस्परांपासून वेगळे करणारे काय, आणि ते कोणत्या नियमाने जोडले जातात, हे आधी पाहावे लागेल. हा विचार आज विशेष निकडीचा झाला आहे. झाडासमोर बसून काढलेले रेखाचित्र आज संगणकात उतरविले जाते, तेथे ते साफसूफ होते, त्याची आवृत्ती बांधली जाते, आणि शाईच्या सूक्ष्म तुषारांनी ते थेट कापडावर छापले जाते. या स्थित्यंतराविषयी दोन प्रकारची मते सर्रास ऐकू येतात. एक पक्ष हाताच्या ऱ्हासाबद्दल शोक करतो. दुसरा नव्या साधनाने कलावंतास मिळालेल्या मोकळिकीचा गौरव करतो. दोन्ही पक्षांचे गृहीत एकच आहे : बदलले ते साधन. हे गृहीत तपासून पाहण्याजोगे आहे.

प्रथम हाताने काढलेल्या रेखाटनाविषयी. झाडाचे रेखाचित्र हा आकृतिबंध नव्हे, ही गोष्ट छपाईच्या व्यवसायात सर्वांना ठाऊक असली तरी कलाविषयक लेखनात ती वारंवार विसरली जाते. चित्राला चौकट असते, त्याला मध्य असतो, आणि पाहणाऱ्याची दृष्टी कोठे स्थिरावावी हे चित्रकार ठरवितो. छापील कापडास मध्य नसतो. ते मीटरने विकले जाते, वाटेल तेथे कापले जाते, आणि अंगावर आल्यावर त्यास चुण्या पडतात. म्हणून वस्त्राच्या आकृतीत एक घटक पुनःपुन्हा यावा लागतो, आणि तो जेथे संपतो तेथेच पुन्हा सुरू व्हावा लागतो. रेखाटनातील डहाळी कागदाच्या कडेशी तुटली तर चालते; आकृतिबंधात ती तुटलेली डहाळी शेजारच्या घटकातून पुढे वाढली पाहिजे. निसर्गाच्या निरीक्षणाची खरी कसोटी येथे लागते, कारण हा जोड कोणत्याही झाडावर पाहावयास मिळत नाही. वेल कशी वळते, फांदी कोणत्या कोनातून फुटते, हे ज्याने पुरते जाणले आहे त्यालाच तो जोड नव्याने रचता येतो. विल्यम मॉरिसच्या व्याख्यानांत या मुद्द्यावर विशेष भर आहे : रेषा मूळ खोडापासून इतकी दूर जाऊ नये की तिचा जोम नाहीसा होईल, आणि जेथे ती संपते तेथेही, मनात आणले तर ती आणखी वाढू शकेल, असे वाटले पाहिजे.

मॉरिसचेच एक वस्त्र येथे उदाहरणादाखल घेणे इष्ट होईल. 'स्ट्रॉबेरी थीफ', म्हणजे स्ट्रॉबेरीचा चोर, हे छापील सुती कापड १८८३ सालचे. ऑक्सफर्डशर परगण्यातील केल्मस्कॉट येथील त्याच्या घराच्या परसबागेत स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवर जाळी घातलेली असे, आणि थ्रश पक्षी (आपल्याकडील कस्तुराच्या कुळातले) त्या जाळीखाली शिरून फळे पळवीत. हा प्रसंग कापडावर आला तो प्रसंग म्हणून नव्हे. गडद निळ्या पार्श्वभूमीवर पक्ष्यांच्या जोड्या आरशातील प्रतिबिंबाप्रमाणे मांडल्या आहेत. एका जोडीच्या चोचीत फळ आहे, दुसरीची चोच उघडी आहे. जाळी नाही, बाग नाही, माळी नाही. चोरी ही घटना एकदाच घडते. येथे ती प्रत्येक आवृत्तीत घडते, म्हणून ती घटना राहत नाही, पक्ष्याचा स्वभाव होते. हेही ध्यानात घेण्यासारखे आहे की, सुमारे वीस वर्षांपूर्वी 'ट्रेलिस' या भिंतीवरच्या कागदासाठी मॉरिसने वेल स्वतः काढली, पण पक्षी मात्र आपला मित्र फिलिप वेब याच्याकडून काढून घेतले. पक्ष्यांच्या बाबतीत त्यास आपल्या हाताचा पुरता भरवसा नव्हता. १८८३ मधील थ्रश त्याचे स्वतःचे आहेत. मधल्या काळात हात सुधारला असे म्हणता येईल, परंतु तेवढ्याने या कापडाचे यश स्पष्ट होत नाही.

ते स्पष्ट होते छपाईच्या रीतीमुळे. मॉरिसने १८८१ साली लंडननजीक मर्टन ॲबी येथे वॉन्डल नदीकाठी कारखाना घेतला, तो मुख्यतः निळीच्या विरंजन-छपाईसाठी. या रीतीत आधी सबंध कापड निळीच्या कुंडात बुडवून एकसारखे गडद निळे करतात. नंतर लाकडी ठशांनी त्यावर रंग न छापता रंग काढून टाकणारे द्रव्य छापतात. जेथे ते पूर्ण शक्तीने पडते तेथे पांढरे उमटते. अर्ध्या शक्तीने पडते तेथे फिकट निळे. त्यानंतर रंगबंधकाच्या साहाय्याने मोकळ्या केलेल्या जागी अलिझरीनचा तांबडा आणि वेल्ड नावाच्या वनस्पतीचा पिवळा चढविला जातो. पिवळा जेथे फिकट निळ्यावर बसतो तेथे हिरवा होतो. 'स्ट्रॉबेरी थीफ' हे या रीतीत तांबडा व पिवळा यांची जोड साधलेले मॉरिसचे पहिले कापड होय. काम दिवसानुदिवस चाले, आणि त्यामुळे त्याच्या छापील सुती कापडांत ते अत्यंत महाग ठरले.

या रीतीचे मर्म असे की, येथील पांढरा हा रंग नाही. तो काढून घेतलेल्या निळीची जागा आहे. पाणिनीय व्याकरणातील 'लोप' ही संकल्पना ज्यास परिचित आहे त्यास हे सहज उमगेल. लोप म्हणजे काहीच नसणे नव्हे. जे असावयास हवे होते त्याचे, नियमाने घडवून आणलेले अदर्शन. थ्रशच्या छातीवरचा पांढरा ठिपका हा असा विहित लोप आहे, आणि म्हणूनच तो निळ्याइतकाच सार्थ आहे. कागदावर काढताना पांढरी जागा नुसती सोडून देता येते. मर्टन ॲबीच्या ठशात ती खोदून मागावी लागते.

यावरून भाषाशास्त्रातील एका मूलभूत भेदाकडे वळता येते. माणसाच्या मुखातून निघणारा ध्वनिप्रवाह अखंड असतो. भाषा त्या अखंडात मोजके भेद करते आणि त्यांनाच अर्थाचे वाहक मानते. मराठीत 'कर' आणि 'खर' यांतील महाप्राणाचा भेद अर्थ बदलतो, म्हणून तो भेदक आहे. तोच 'क' एकाने घोगऱ्या आवाजात आणि दुसऱ्याने बारीक आवाजात उच्चारला तर भेद कानाला कळतो, परंतु तो भेदक नसतो. भाषेची सारी शक्ती या काटकसरीत आहे. आता असे पाहावे : रेखाटन हे ध्वनिप्रवाहासारखे आहे. पेन्सिलीचा दाब, छटा, रेषेची कंपने या सर्वांत असंख्य सूक्ष्म भेद असतात. ठशाचा कारागीर त्यातून मोजके भेद निवडतो. प्रत्येक रंगास स्वतंत्र ठसा लागतो, प्रत्येक ठसा खोदण्यास वेळ व पैसा लागतो, म्हणून प्रत्येक रंगाबाबत 'हा कशासाठी?' या प्रश्नास उत्तर द्यावे लागते. मॉरिसच्या 'क्रे' (१८८४) या कापडास ३४ ठसे लागत, ही त्या काळी उधळपट्टीच होती. तरीही ३४ ही मोजता येणारी संख्या आहे. प्रत्येक ठशाचा भेद हा भेदक भेद होता.

यावरून एक गोष्ट निघते ती प्रचलित समजुतीच्या विरुद्ध जाणारी आहे. अखंडाचे विभाजन मोजक्या तुटक घटकांत करणे, यालाच आज 'डिजिटल' म्हणावयाचे असेल, तर वस्त्रकला संगणकाच्या फार पूर्वीच डिजिटल झालेली होती. ठसा हे असे विभाजन आहे. विणकरीतील धाग्यांची मोजणी हे तर त्याहून काटेकोर विभाजन आहे. तेव्हा हातापासून यंत्राकडे जाताना 'तुटकपणा' आला, ही तक्रार मुळातच टिकत नाही. प्रश्न असा विचारावयास हवा की, नव्या तुटक घटकांत भेदकता आहे काय.

त्याकडे वळण्यापूर्वी निसर्ग आणि आकृती यांच्या संबंधाविषयी आणखी एक भ्रम दूर करणे अवश्य आहे. निसर्गप्रेरित आकृती म्हणजे निसर्गाकडून थेट आलेली आकृती, असे मानले जाते. इतिहास तसे सांगत नाही. १६४३ साली इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील संचालकांनी सुरतेच्या वखारीस लिहून कळविले की, यापुढे पाठवावयाच्या रजयांवर गडद तांबड्या पार्श्वभूमीऐवजी पांढरी जमीन अधिक असावी आणि फुले व फांद्या रंगीत असाव्यात. म्हणजे भारतीय चीटवरची ती डौलदार वेल झाडाइतकीच पत्रव्यवहारातून उगवली. ('चीट' याच शब्दाच्या कुळातला 'चिंट्झ' हा इंग्रजी शब्द. मूळचे अनेकवचन पुढे एकवचन समजले गेले आणि तेच रूढ झाले. परकी शब्दाप्रमाणे परकी आकृतीचेही असेच होते.) कुयरीचे उदाहरण तर याहून बोलके आहे. सतराव्या शतकातील काश्मिरी शालीच्या पदरावर मुळासकट दाखविलेले एकेक नाजूक फुलझाड असे. अठराव्या शतकात ते झाड दाट गुच्छ बनले, त्याचा शेंडा एका बाजूस झुकला; पुढे बाह्यरेषा तेवढी उरली आणि फुले त्या रेषेच्या पोटात गेली. फारसीत त्यास 'बूटे', म्हणजे झुडूप, म्हणतात. तेथे नावाने मूळ जपले आहे. इंग्रजीत त्यास पेस्ली म्हणतात, ते स्कॉटलंडमधील एका गावाचे नाव, कारण एकोणिसाव्या शतकात काश्मिरी शालींची नक्कल तेथे मोठ्या प्रमाणावर विणली जाई. तेथे निसर्ग नावातून पार नाहीसा झाला. मराठीने मात्र त्या आकारात कच्चा आंबा पाहिला, आणि कुंकवाच्या कुयरीपासून रांगोळीपर्यंत तो घरोघर नेला. अपरिचित शब्दाचा अर्थ लागेनासा झाला की लोक त्यास परिचित शब्दाशी जोडून नवा अर्थ देतात. भाषाशास्त्रात यास लोकव्युत्पत्ती म्हणतात. कुयरी ही आकृतीची लोकव्युत्पत्ती होय. शास्त्रदृष्ट्या ती चूक असेल, परंतु तिच्यामुळे आकृती पुन्हा एका झाडाशी जोडली गेली. आकृती निसर्गापासून दूर जाते आणि पुन्हा त्याच्याकडे येते, या येरझारीत तिचे आयुष्य असते.

विसाव्या शतकाच्या मध्यास ठशाची जागा जाळीच्या पडद्याने, म्हणजे स्क्रीनने, बरीचशी घेतली. फिनलंडमध्ये १९५१ साली स्थापन झालेल्या मारिमेक्को या संस्थेची संस्थापिका आर्मी राटिया हिने फुलांची नक्षी छापावयाची नाही असे जाहीर केले होते. जिवंत फुलापुढे छापील फूल फिके पडते, अशी तिची भूमिका होती. माइया इसोला (१९२७–२००१) हिने त्यास न जुमानता १९६४ साली 'उनिक्को' ही खसखशीच्या फुलांची आकृती काढली, आणि राटियाने ती स्वीकारली. या कथेचे आकर्षण बंडखोरीत मानले जाते. समीक्षकाने पाहावयाचे ते वेगळे आहे : उनिक्कोतील फुलास पाकळ्यांच्या शिरा नाहीत, छाया नाही, सपाट रंगाचे मोजके थर आहेत. राटियाच्या आक्षेपास ते एक उत्तर आहे. ते फूल जिवंत फुलाशी स्पर्धाच करीत नाही, आणि जोन्सचे तेरावे सूत्र, इसोलाला ते ठाऊक असो वा नसो, येथे तंतोतंत पाळले गेले आहे. पडद्याच्या छपाईतही रंगागणिक एक पडदा लागतो. १९६३ नंतर प्रचारात आलेल्या फिरत्या नळीच्या पडद्यात तर आणखी एक बंधन आले. नळीचा घेर बहुधा ६४ सेंटीमीटर असल्यामुळे आवृत्तीची उंची त्या मापास निःशेष भागणारी ठेवावी लागे.

संगणक आणि शाईच्या तुषारांचे मुद्रण यांनी ही दोन्ही बंधने उठविली. रंगागणिक ठसा वा पडदा नाही, म्हणून रंगांच्या संख्येस मर्यादा नाही. नळी नाही, म्हणून आवृत्तीच्या मापास मर्यादा नाही. आवृत्ती नसली तरी चालते. कापडावर आधी क्षार, युरिया व खळ यांचा लेप देणे, छापल्यावर वाफ देणे आणि धुणे, हे सुती कापडावरील प्रक्रियेचे टप्पे राहिले, परंतु ते रंग पक्का करण्याशी संबंधित आहेत, आकृतीशी नाहीत. आकृतीच्या बाजूने पाहिल्यास कारागिराचा प्रतिकार करणारे काहीच उरले नाही. पडद्यावरील चित्रबिंदूस तीन मूळ रंगांच्या प्रत्येकी २५६ छटांतून १,६७,७७,२१६ रंग घेता येतात. ६४ सेंटीमीटर चौरसाची आकृती इंचास ३०० बिंदू या प्रमाणाने उतरविली तर तीत सुमारे ५ कोटी ७१ लाख बिंदू असतात. यातला कोणताही एक बिंदू बदलला तर आकृतीत काहीही बदलत नाही. बिंदू तुटक आहे, पण भेदक नाही. भाषेच्या परिभाषेत सांगावयाचे तर ही वर्णमाला नव्हे, हे ध्वनिमुद्रण आहे.

पडद्याच्या छपाईसाठी संगणकावर आकृती सिद्ध करताना एक पायरी अपरिहार्य असे. स्कॅन केलेल्या चित्रातील हजारो छटा आठ, दहा अथवा बारा रंगांवर आणाव्या लागत. हे काम कंटाळवाणे, परंतु त्यातच चित्रकार पुन्हा एकदा आपल्या चित्राकडे पाहत असे. जास्वंदीच्या पाकळीतील गडद आणि फिकट तांबडा यांतील सीमा कोठे ओढावी, हे ठरविताना ती पाकळी कोठे दुमडते हे त्यास आठवावे लागे. थेट मुद्रणात ही पायरी गाळता येते. आणि गाळता येते म्हणून गाळली जाते. जलरंगातील ओघळ, कागदाचा पोत, पेन्सिलीची खोडलेली रेषा हे सर्व कापडावर जसेच्या तसे उतरते, आणि त्यास 'हाताचा स्पर्श' म्हणून विकले जाते. हा युक्तिवाद फसवा आहे. कागदाचा पोत कापडावर छापणे हा हाताचा स्पर्श नव्हे, ती कागदाची नक्कल आहे.

आवृत्तीच्या बाबतीतही असेच घडले. पूर्वी आवृत्ती बांधताना रेखाटनाचे चार तुकडे करून त्यांची जागा आडवी-उभी बदलीत, म्हणजे बाहेरच्या कडा मध्यभागी येत. मग त्या मध्यातील रिकाम्या फटी नव्याने रेखाटून भरीत. शेजारच्या रांगेत आकृती निम्म्याने खाली सरकवावयाची, ज्यास छापखान्यात 'हाफ ड्रॉप' म्हणतात, तर ही भरणी अधिकच कठीण होई. आज संगणकीय आज्ञावलीत ही मांडणी तयार मिळते. अडोबी इलस्ट्रेटर या आज्ञावलीच्या २०१२ सालच्या आवृत्तीपासून चौकट, विटा आणि षट्कोन यांच्या पाच मांडण्या एका कळीवर उपलब्ध आहेत. सोय म्हणून ती स्वागतार्हच आहे. परंतु फट भरावयाची कशाने? नवे पान काढण्याऐवजी जुन्याच पानाची प्रत घेऊन ती फिरवून, लहानमोठी करून बसविली जाते. झाडाच्या पानाला वर आणि खाली असते. ते प्रकाशाकडे वळते आणि भाराने लवते. दीडशे अंशांत फिरविलेले पान या दोहोंचा अवमान करते. चहूकडे विखुरलेल्या अशा मांडणीस व्यापाराचा पाठिंबाही आहे, कारण कपडे बेतणाऱ्यास तुकडे उलटसुलट ठेवता येतात आणि कापड वाचते. कारण समजण्यासारखे आहे. त्यास निसर्गप्रेरणा म्हणणे समजण्यासारखे नाही.

तथापि नव्या साधनात भेदकता शक्यच नाही, असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे ठरेल. अलेक्झांडर मॅक्वीन याने ऑक्टोबर १९०९ नव्हे, त्याच्या बरोबर शंभर वर्षांनंतर, ऑक्टोबर २००९ मध्ये पॅरिस येथे 'प्लेटोज अटलांटिस' हा वस्त्रसंभार सादर केला. त्यातील सरपटणाऱ्या प्राण्यांची कातडी आणि सागरी जीव यांवर आधारलेल्या आकृती डिजिटल मुद्रणावाचून संभवल्या नसत्या. त्यांत प्रत्येक आकृती त्या त्या पोशाखाच्या तुकड्यांच्या बेतानुसार रचलेली आहे. खवल्यांची रांग कमरेशी निमुळती होते, खांद्याशी पसरते. आवृत्तीचे बंधन गेले, पण त्याच्या जागी देहाचे बंधन आले. खवला येथे नसून तेथे असता तर पोशाख बदलला असता, म्हणजे स्थान भेदक झाले. पदे थोडी आणि अन्वय कडक, अशी ही रचना आहे. मॉरिस आणि मॅक्वीन यांच्यात रुचीचे साम्य शोधणे व्यर्थ होय. दोघांनीही साधनाकडून काही नकार मागून घेतला, एवढे मात्र खरे.

२०२२ पासून शब्दांवरून चित्र निर्माण करणारी संगणकीय साधने सर्वांच्या हाती आली आहेत, आणि कापडाच्या आकृतींसाठी त्यांचा वापर होऊ लागला आहे. त्यांविषयी येथे एकच निरीक्षण पुरे. जोन्सच्या विद्यार्थ्याचा प्रवास पानाकडून नियमाकडे, आणि नियमाकडून आकृतीकडे होता. येथे तो 'नेचा' या शब्दाकडून थेट नेच्याच्या चित्राकडे होतो. भाषाशास्त्रज्ञास शब्दाचे महत्त्व कमी लेखता येणार नाही. परंतु 'नेचा' हा शब्द ठाऊक असणाऱ्यास नेच्याचे कोवळे पान गुंडाळीतून उलगडते हे ठाऊक असतेच असे नाही, आणि वेलबुट्टी घडते ती त्या उलगडण्यातून.

या चर्चेचा अगदी निकटचा संबंध महाराष्ट्राच्या बाजारपेठेत दिसणाऱ्या एका प्रकाराशी पोचतो. पैठणीची नक्षी छापलेल्या साड्या आता सर्वत्र मिळतात. मूळ पैठणीच्या पदरावरील मोर, मुनिया अथवा कमळ हे छापलेले नसून विणलेले असते. तेथे प्रत्येक रंगाचा बाणा आपल्या क्षेत्राच्या कडेपर्यंत जाऊन शेजारच्या बाण्यात गुंतून परत फिरतो, आणि म्हणून नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. या रीतीत शुद्ध वक्ररेषा संभवत नाही. पक्ष्याची वाकडी चोच पायऱ्यापायऱ्यांनीच काढावी लागते, आणि एखादी पायरी चुकली की चोच चोच राहत नाही. पैठणीचा मुनिया असा का दिसतो, याचे उत्तर पक्ष्यात जितके आहे तितकेच धाग्यात आहे.

छापील पैठणीत पदराचे छायाचित्र अथवा त्यावरून केलेले चित्र कापडावर उतरते. त्यात पायऱ्या येतात, पण त्या कोणत्याही धाग्याने मागितलेल्या नसतात. जरीच्या जागी पिवळ्या-तपकिरी छटा येतात, आणि जरीची चमक एका क्षणी जेथे दिसली तेथेच कायमची छापली जाते. पदर हलला तरी ती हलत नाही. ही साडी स्वस्त असते, सुटसुटीत असते, धुण्यास सोपी असते, आणि जी स्त्री ती घेते तिला दोष देण्याचे काहीच कारण नाही. खरी पैठणी तिच्या आवाक्यात नसते. दोष असलाच तर आकृती योजणाऱ्याकडे जातो. छपाईस धाग्याचे बंधन नाही. तिला सलग रेषा काढता येते, पिसांवरील हिरव्या छटांतला फरक दाखविता येतो, पंख उघडतानाचा पोपट दाखविता येतो. पिंपळावर उतरणारे पोपट महाराष्ट्रातील गावोगाव आजही दिसतात. त्यांच्याकडे पाहून छपाईचा स्वतःचा पक्षी काढावयाचा सोडून, विणकराने धाग्याच्या अडचणीतून काढलेला पक्षी उसना घ्यावयाचा, आणि त्या अडचणीच्या खुणाही सोबत छापावयाच्या, हे दुहेरी परावलंबन आहे. त्यात पक्षी विणकराचा राहत नाही आणि छपाईचाही होत नाही. शिवाय तोच पक्षी मागावर काढणाऱ्याच्या श्रमाची किंमत गिऱ्हाइकाच्या नजरेत उतरते.

येवल्याच्या मागावर मुनियाची चोच काढावयाची तर किती धाग्यांवर वळावयाचे हे विणकरास मोजावे लागते, आणि ती संख्या त्यास सांगता येते. छापील साडीच्या संगणकीय प्रतीत तीच चोच काही हजार बिंदूंची असते. त्यांतले चोचीचे कोणते आणि पार्श्वभूमीचे कोणते, हे ती प्रत सिद्ध करणाऱ्यास कोणी विचारलेले नसते.